खुब्याची पुनर्शस्त्रक्रिया: अपयशाच्या नोंदींचा इतिहास

बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे उपनगर एकोणिसाव्या शतकात घातलेल्या बंगळूर–जोलारपेट्टै लोहमार्गावर आणि जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले आहे. १९४८ साली शेजारच्या दूरवाणीनगरात उभा राहिलेला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना आणि गेल्या तीन दशकांत व्हाइटफील्ड परिसरात वाढलेला संगणक-व्यवसाय यांनी त्याच्या लोकवस्तीला आजचे रूप दिले. नोकरीनिमित्त आलेली पिढी अशा उपनगरात स्थिरावली की तिचे वृद्ध आईवडील बेळगाव, सोलापूर, पुणे अशा गावांहून मागोमाग येतात आणि त्यांच्या जुन्या आजारपणांचा इतिहासही बरोबर येतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या बाबतीत हे स्थलांतर विशेष महत्त्वाचे ठरते, कारण सांधा बसवणे आणि तो निकामी झाल्यावर बदलणे या दोन घटनांमध्ये अनेकदा दहा ते वीस वर्षांचे अंतर असते आणि तेवढ्या काळात रुग्णाचे गाव, डॉक्टर आणि रुग्णालय ही तिन्ही बदललेली असू शकतात. आधी बसवलेला कृत्रिम सांधा अंशतः किंवा पूर्णपणे काढून त्या जागी नवा बसवण्याच्या या शस्त्रक्रियेला पुनर्शस्त्रक्रिया, किंवा डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात ‘रिव्हिजन’, म्हणतात. तिचा इतिहास पाहिला असता असे दिसते की तिची प्रगती नव्या धातूंइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अपयशांची नोंद ठेवण्याच्या शिस्तीवर अवलंबून राहिली आहे.

खुबा हा उखळीच्या रचनेचा सांधा असून मांडीच्या हाडाचा गोल माथा कटिरातील खोलगट उखळीत फिरतो. क्षय, पू किंवा संधिवात यांनी हा सांधा नष्ट झाल्यास कृत्रिम सांध्यांचा प्रसार होण्यापूर्वी शल्यवैद्यापुढे दोनच मुख्य मार्ग होते: हाडे एकमेकांना जोडून सांधा कायमचा ताठ करणे, किंवा मांडीच्या हाडाचा माथा व मान कापून काढणे. दुसऱ्या पद्धतीला ऑक्सफर्डचे शल्यवैद्य गॅथोर्न गर्डलस्टोन यांचे नाव मिळाले. तिने वेदना थांबत, सांधा हलता राहत असे. मात्र पाय आखूड होऊन चाल लंगडी होई. पाश्चात्त्य देशांत या शस्त्रक्रियेकडे नाइलाजाचा उपाय म्हणून पाहिले गेले, परंतु भारतात तिचे मूल्यमापन वेगळे झाले. वाराणसीचे अस्थिशल्यवैद्य एस. एम. तुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाने व पुवाने बिघडलेल्या खुब्यांवर तिचा मोठ्या प्रमाणात अवलंब करून १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि उकिडवे बसणे व मांडी घालणे हे ज्यांच्या जगण्याचा भाग आहे अशा रुग्णांना ताठ सांध्यापेक्षा हलता पण आखूड पाय अधिक उपयोगी पडतो हे त्यातून पुढे आले. आजही कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग कशानेच आटोक्यात येत नाही, तेव्हा सांधा काढून जागा तशीच सोडण्याचा जो अखेरचा पर्याय उरतो, तो मूळचा हाच आहे.

आधुनिक खुबाबदलाचे जनक मानले जाणारे जॉन चार्नली यांची कारकीर्दही पुनर्शस्त्रक्रियेपासून वेगळी करता येत नाही. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी जोडी वापरण्यास सुरुवात केली. घर्षण कमी म्हणून निवडलेले हे टेफ्लॉन काही वर्षांतच झिजले, त्याच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना दाह झाला आणि सुमारे तीनशे रुग्णांचे सांधे धोक्यात आले. चार्नली यांनी हे सांधे एकामागून एक स्वतःच काढले, टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून त्यांचा परिणाम तपासला, आणि १९६२ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील हॅरी क्रेव्हन यांच्या चाचण्यांत टिकाऊ ठरलेले अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन स्वीकारले. या अनुभवाने सावध झालेल्या चार्नली यांनी लीड्स येथील थॅकरे या उत्पादक कंपनीला, आपल्याकडे प्रशिक्षण घेतलेल्या शल्यवैद्यांनाच सांधे विकण्याचे बंधन काही वर्षे घातले होते. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत मिळावा म्हणून ते रुग्णांची आधीच संमतीही घेत. सांधा बसवल्यानंतर त्याचा माग ठेवणे ही बसवणाऱ्याचीच जबाबदारी आहे, हा विचार या दोन्ही कृतींच्या मुळाशी होता.

पॉलिएथिलीन टेफ्लॉनपेक्षा पुष्कळ टिकाऊ असले तरी तेही झिजते, आणि त्याचे सूक्ष्म कण गिळू पाहणाऱ्या पेशी अशी रसायने सोडतात की भोवतालचे हाड विरघळू लागते. या हाडक्षयाचे खापर प्रथम सांधा चिकटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अस्थिसिमेंटवर फोडण्यात आले. सिमेंटविरहित सांध्यांभोवतीही तोच हाडक्षय दिसू लागल्यावर खरा दोष झिजेच्या कणांचा असल्याचे मान्य झाले. पुनर्शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड का असते याचे उत्तर येथे मिळते: दुसऱ्या वेळी शल्यवैद्याला सांधा बसवण्यासाठी पुरेसे हाडच उरलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी नेदरलँड्समधील नायमेखन येथे टॉम स्लोफ यांनी आणि इंग्लंडमधील एक्सिटर येथे रॉबिन लिंग यांनी दात्याच्या हाडाचा चुरा ठोकून बसवण्याची पद्धत १९८० च्या दशकात विकसित केली. भारतात अशा दात्याच्या हाडाचा पुरवठा दुर्मीळ होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतीपेढीने हाडे किरणोत्साराने निर्जंतुक करून देण्याची सोय केली, हा या इतिहासातील महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे. भारतातील पुनर्शस्त्रक्रियांचे स्वरूप आणखी दोन कारणांनी निराळे राहिले. एक म्हणजे, मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या वृद्धांना उखळी न बदलता केवळ माथा बदलणारे स्वस्त ऑस्टिन-मूर किंवा दुहेरी गोळ्याचे, तळवलकर यांच्या नावाने ओळखले जाणारे, सांधे वर्षानुवर्षे बसवले गेले, आणि त्यांतील काहींचे पुढे संपूर्ण सांध्यात रूपांतर करावे लागले. दुसरे म्हणजे, येथे खुबा बदलणाऱ्यांत रक्तपुरवठा तुटून हाडाचा माथा मृत झालेले किंवा मणक्यांच्या ताठरपणाच्या संधिवाताने ग्रस्त असे तरुण रुग्ण पुष्कळ असतात, आणि पुढचे आयुष्य मोठे असल्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यताही त्यांच्या बाबतीत अधिक असते.

झिजेइतकाच जुना शत्रू जंतुसंसर्ग हा होय. शस्त्रक्रियागृहातील हवा हे संसर्गाचे मोठे साधन आहे असे ओळखून चार्नली यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष आणि शल्यवैद्यांसाठी विशेष पोशाख यांचा अवलंब केला, आणि त्यांच्या रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे हान्स बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास अस्थिसिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळून एकाच बैठकीत संसर्गित सांधा बदलण्याचा मार्ग दाखवला. धातूच्या पृष्ठभागावर जंतू एक चिकट थर तयार करून त्याखाली औषधांपासून सुरक्षित राहतात हे पुढे स्पष्ट झाल्यावर, केवळ गोळ्या-इंजेक्शनांनी जुना संसर्ग बरा का होत नाही याचा उलगडा झाला आणि दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत प्रथम सांधा काढून जागा साफ केली जाते, तेथे औषधमिश्रित सिमेंटचा ‘स्पेसर’, म्हणजे तात्पुरता भराव, ठेवला जातो, कित्येक आठवडे प्रतिजैविके दिली जातात आणि रक्ततपासण्या व सांध्यातील द्रवाची तपासणी समाधानकारक वाटल्यावरच नवा सांधा बसतो. दोन शस्त्रक्रियांमधला हा काळ रुग्णासाठी सर्वांत खडतर असतो, कारण पायावर पूर्ण भार देता येत नाही, स्नायू आटतात, औषधांनी मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो आणि दुसरा टप्पा केव्हा होईल याची निश्चित तारीख कोणीही देऊ शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीची कल्पनाही या सर्व दशकांत पालटली. आरंभीच्या दशकांत रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवले जाई. त्यातून पायाच्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि त्या फुप्फुसात जाण्याचा धोका वाढे. आज पहिल्या खुबाबदलानंतर रुग्णाला बहुधा दुसऱ्या दिवशी किंवा त्याआधीच उभे केले जाते. पुनर्शस्त्रक्रियेत मात्र हाडाचा चुरा रुजायचा असल्यास, किंवा घट्ट बसलेला जुना दांडा काढण्यासाठी मांडीच्या हाडाची खिडकी उघडून पुन्हा तारांनी बांधली असल्यास, सहा ते बारा आठवडे पायावर पूर्ण भार टाकण्यास मनाई असते, आणि वॉकर किंवा कुबड्या सोडण्याचा निर्णय क्ष-किरण चित्र पाहून घेतला जातो. या शस्त्रक्रियेनंतर सांधा निखळण्याचे प्रमाणही अधिक असते, कारण स्नायू आणि सांध्याचे आवरण पूर्वीच कापले गेलेले असते. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथे जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली, गोळ्याभोवती फिरता गोळा असलेली दुहेरी हालचालीची रचना या निखळण्यावरचा उपाय म्हणून पुढे जगभर पसरली. तरीही पाटावर बसणे, मांडी घालणे आणि उकिडवे बसणे या सवयींत वाढलेल्या रुग्णाला उंच खुर्ची, कमोड आणि झोपताना दोन पायांमध्ये उशी या नव्या शिस्तीशी दीर्घकाळ जुळवून घ्यावे लागते. मांडीच्या मागून जाणाऱ्या मोठ्या नसेला ताण बसून पाऊल लोंबणे, दोन पायांच्या लांबीत फरक पडणे आणि धातूच्या दांड्याच्या टोकाशी हाड मोडणे या उरलेल्या गुंतागुंती होत; त्यांपैकी पाऊल लोंबल्यास ते पट्ट्याने सावरत महिनोन्‌महिने वाट पाहणे हा उपचाराचाच भाग असतो, कारण नसेची भरपाई अतिशय मंद गतीने होते.

नोंदींच्या अभावाची किंमत किती मोठी असू शकते हे भारताला एएसआर प्रकरणाने दाखवून दिले. चार्नली यांचे सांधे बनवणारी लीड्सची थॅकरे कंपनी १९९० साली डेप्यू या अमेरिकी कंपनीने विकत घेतली, १९९८ साली डेप्यू जॉन्सन अँड जॉन्सनच्या ताब्यात गेली, आणि त्याच लीड्समधून २००३ पासून एएसआर नावाचा, धातूच्या वाटीत धातूचा गोळा फिरवणारा सांधा बाजारात आला. त्याची वाटी उथळ असल्याने गोळ्याचा भार कडेवर पडून झीज वाढे आणि कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण ऊतींत व रक्तात मिसळून गाठी, वेदना आणि ऊतींचा नाश घडवत. या सांध्याचे पुन्हा बदलण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे प्रथम ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधे-नोंदवहीने लक्षात आणून दिले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलावण्यात आला. तोवर सुमारे ९३,००० रुग्णांच्या शरीरात तो बसवलेला होता. भारतात २००६ पासून आयातपरवाना असलेल्या या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलीस तक्रार केली, परंतु केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा जाहीर इशारा डिसेंबर २०१३ मध्ये निघाला. केंद्र सरकारने २०१७ साली अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालातून, सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नसल्याची गोष्ट उघड झाली. समितीने किमान वीस लाख रुपयांच्या भरपाईची शिफारस केली, आणि मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे पुनर्शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी पंचवीस लाख रुपये देण्याची कंपनीने तयारी दर्शवली. ज्यांचा पत्ताच सापडला नाही, त्यांना मात्र आपल्या दुखण्याचे कारण कळण्याचीही शाश्वती राहिली नाही.

स्वीडनने १९७९ सालीच खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली होती आणि कोणता सांधा किती वर्षे टिकतो हे ज्ञान तेथील शल्यवैद्यांना त्यातून सहज मिळत गेले. भारतात शल्यवैद्यांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक राहिली. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ साली आणि उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१८ च्या आरंभी अमलात आले. राष्ट्रीय नोंदीची ही उणीव प्रत्यक्षात रुग्णाच्या घरातील कागदांनी भरून काढावी लागते. के. आर. पुरमला आलेल्या एखाद्या रुग्णाचा पुण्यात किंवा बेळगावात पंधरा वर्षांपूर्वी बसवलेला सांधा आता सैल झाला असेल, तर नव्या शल्यवैद्याला दांडा कोणत्या कंपनीचा, गोळा कोणत्या मापाचा आणि वाटी कोणत्या पदार्थाची हे आधी कळावे लागते. गोळा बदलून वाटी टिकवता येईल का, जुना दांडा काढण्यासाठी कोणती अवजारे मागवायची आणि शस्त्रक्रिया दोन तासांची होईल की सहा तासांची, हे बऱ्याच अंशी त्या माहितीवर ठरते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सांध्याच्या वेष्टनावरून काढून रुग्णाच्या कागदांवर चिकटवलेली, क्रमांक लिहिलेली लहान चिठ्ठी ही माहिती देते, आणि ती हरवल्यास क्ष-किरण चित्रावरून अंदाज बांधावा लागतो. चार्नली यांनी उत्पादक, शल्यवैद्य आणि रुग्ण यांना एका नोंदीत बांधू पाहिले होते. भारतात ती साखळी पूर्ण होईपर्यंत तिचा सर्वांत भरवशाचा दुवा रुग्ण आणि त्याचे कुटुंब हाच राहणार आहे.