औंध : यमाईचा डोंगर व पंतांचे संस्थान

सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे २५ मैलांवर, खटाव तालुक्यात, औंध गाव वसलेले आहे. मुलूख कमी पावसाचा, माळरानाचा व उघड्याबोडक्या टेकड्यांचा. गावाला लागूनच एक डोंगर उभा असून त्याच्या माथ्यावर तटबंदीच्या आत यमाई देवीचे देऊळ आहे. या स्थानास मूळपीठ असे म्हणतात. देवीने औंधासुर नामक दैत्यास येथे मारिले व त्यावरून गावास नाव पडले, अशी आख्यायिका लोक सांगतात. गावातही यमाईचे दुसरे देऊळ असून त्याच्या पुढील उंच दीपमाळ प्रेक्षणीय आहे.

वाचकहो, आज या गावात प्रवेश करताना कोणतीही वेस आडवी येत नाही. परंतु सन १९४८ पर्यंत येथे एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. सभोवार इंग्रजी अंमल आणि मध्ये पंतप्रतिनिधींचे संस्थान! तेही सलग नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी व गुणदाळ असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. आज त्यांतील काही भाग सातारा जिल्ह्यात, काही सांगलीत, तर कानडी मुलखातील गुणदाळ कर्नाटकात आहे. एकंदर क्षेत्रफळ अवघे ५०१ चौरस मैल.

या घराण्याचे मूळ पुरुष किन्हईचे परशुराम त्रिंबक होत. छत्रपति राजारामांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे त्यांच्याकडे आले व त्यांच्या वंशात टिकले. पूर्वी या घराण्याचे मोठे ठाणे कऱ्हाडास होते. पेशवाई बुडाल्यावर जहागिरीचा संकोच झाला, आणि सन १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर पंतांचा संबंध प्रत्यक्ष इंग्रज सरकारशी आला. अशा रीतीने औंधास राजधानीचा मान लाभला.

सन १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब गादीवर बसले. ते स्वतः चित्रकार होते व कीर्तनही करीत. सूर्यनमस्कारांचा त्यांनी आपल्या शाळांतून मोठा प्रसार केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ति हाती घेतली, तिला त्यांचा मोठा आश्रय होता. सन १९१० साली बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर जागा दिली; तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी अनेक वर्षे औंधास राहूनच वेदांची प्रकाशने केली.

परंतु बाळासाहेबांचे थोर कृत्य निराळेच आहे. सन १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेस देण्याचे जाहीर केले. चिरंजीव आप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने व महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. प्रत्येक खेड्यास लोकांनी निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची पंचायत व वर विधिमंडळ, अशी तिची रचना होती. गावचा कारभार गावानेच पाहावा, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचूनचा तुरुंग सुरू झाला. तेथे बंदिवान आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. सन १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला.

पुढे सन १९४२ च्या चळवळीत संस्थानची विखुरलेली सीमा उपयोगी पडली. इंग्रजी हद्दीत ज्यांचा शोध चाले, अशा भूमिगत कार्यकर्त्यांना औंधच्या मुलखात आसरा मिळे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र कुंडलच होते.

सन १९४८ च्या मार्च महिन्यात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नऊच वर्षे चाललेला तो ग्रामराज्याचा प्रयोग त्याबरोबरच थांबला. देश एक झाला याचा आनंद मोठा. तथापि औंधकरांना किंमतही मोजावी लागली. दरबार गेला, कचेऱ्या गेल्या, आणि एके काळची राजधानी तालुक्याचेही ठिकाण राहिली नाही. तो मान वडूजकडे आहे.

मग राहिले काय? डोंगराच्या चढावर सन १९३८ साली स्थापन झालेले श्रीभवानी संग्रहालय राहिले. राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे, हस्तिदंताच्या कोरीव वस्तू आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेली माता व बालकाची दगडी मूर्ति, एवढा ठेवा एखाद्या खेड्यात सापडणे विरळाच. औंधच्या शाळेत शिकून गेलेले विद्यार्थी राहिले. ग. दि. माडगूळकर तेथेच शिकले. गावकुसाबाहेर जन्मलेले शंकरराव खरातही तेथेच शिकले व पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

राज्ये तलवारीने मिळविल्याच्या कथा आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत. हातात असलेले राज्य आपण होऊन प्रजेच्या स्वाधीन केल्याच्या कथा मात्र फार थोड्या. आमच्यापैकी ज्यांना सातारा प्रांती जाण्याचा योग येईल त्यांनी संग्रहालय पाहून झाल्यावर तसेच मूळपीठाच्या तटापर्यंत चढावे. तेथून खालचा सारा मुलूख दिसतो. त्यात संस्थानची हद्द कोठे होती, हे आता डोळ्यांना ओळखता येत नाही. पण त्या हद्दीच्या आत एका राजाने आपल्या प्रजेवर टाकलेला विश्वास आपण ओळखावा आणि आपल्या मुलांना सांगावा.