हिवतापात मुलांचे रक्त का आटते?

हिवताप म्हटला, की हुडहुडी भरून येणारा ताप डोळ्यांपुढे येतो. आफ्रिकेतील लहान मुलांच्या बाबतीत मात्र तापाइतकाच घातक ठरतो तो रक्तक्षय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले. त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिका विभागातील होते आणि तेथील दर चार मृतांपैकी तीन पाच वर्षांखालील बालके होती. हिवताप झालेल्या मुलाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ५ ग्रॅमच्या खाली उतरले, की तो तीव्र रक्तक्षय समजला जातो.

फाल्सिपॅरम जातीचा परजीवी लाल पेशीत शिरतो, सुमारे ४८ तास तेथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटल्या म्हणून रक्त कमी झाले, असा हा सरळ हिशेब वाटतो. पण तो जुळत नाही. कित्येक मुलांच्या रक्तात परजीवी तुरळक असतात आणि रक्तक्षय मात्र जीवघेणा असतो. पेनिसिलिन येण्यापूर्वी मेंदूतील उपदंशावर उपचार म्हणून रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला जात असे. त्या जुन्या नोंदींवरून संशोधकांनी पुढे जो अंदाज बांधला तो चकित करणारा आहे : फाल्सिपॅरमच्या तापात एका बाधित पेशीमागे साधारण आठ निरोगी पेशी नष्ट होतात. व्हायवॅक्समध्ये तर हा आकडा तीसच्या वर जातो.

या निरोगी पेशींचा बळी घेते ती शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा. निरोगी पेशींवरही प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने चिकटतात, पेशींचा लवचिकपणा कमी होतो आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. पूरक प्रथिनांच्या हल्ल्यापासून लाल पेशींना वाचवणारी सीआर-१ आणि सीडी-५५ ही प्रथिने तीव्र रक्तक्षय झालेल्या मुलांच्या पेशींवर कमी असल्याचे पश्चिम केनियातील अभ्यासात २००० साली दिसून आले. चिकटलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण मात्र सर्व अभ्यासांत सारखे आढळलेले नाही.

पेशी नष्ट होत असताना अस्थिमज्जेने नव्या पेशींचे उत्पादन वाढवायला हवे. नेमके तेच घडत नाही. गॅम्बियातील मुलांची मज्जा तपासली असता लाल पेशींची घडणच बिघडलेली असल्याचे १९८० मध्ये नोंदवले गेले. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरसारखी दाह वाढवणारी द्रव्ये मज्जेला दडपतात. त्यांना आवर घालणारे इंटरल्युकिन-१० तुलनेने कमी पडले, तर रक्तक्षय तीव्र होतो, असे घाना आणि केनियातील निरीक्षण आहे. हिमोग्लोबिन पचवल्यावर परजीवी मागे ठेवतो ते हिमोझॉइन हे काळपट रंगद्रव्यही पेशींच्या घडणीत अडथळा आणते.

आता संप्रेरकांकडे वळू. मज्जेला कामाला लावणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात तयार होते. प्रौढ रुग्णांच्या काही अभ्यासांत ते अपुरे आढळले. आफ्रिकी मुलांत मात्र ते बहुधा भरपूर असते. आदेश पोहोचतो, मज्जा तो पाळत नाही. दुसरे संप्रेरक यकृतातील हेप्सिडिन. संसर्गात त्याची पातळी वाढते, आतड्यांतून लोहाचे शोषण मंदावते आणि शरीरातील लोह भक्षक पेशींत अडकून पडते. परजीवीला लोह मिळू नये, ही शरीराची चाल असावी. पण रक्त घडवायलाही तेच लोह लागते. रक्तक्षय फारच तीव्र झाला, की हेप्सिडिन पुन्हा खाली येते, म्हणून एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढणे अवघड जाते.

लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न येथेच गुंतागुंतीचा होतो. झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिले असता गंभीर आजार आणि मृत्यू मिळून सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे हिवतापग्रस्त भागात लोह द्यायचे, तर त्यासोबत हिवतापाचा प्रतिबंध, निदान व उपचार यांची सोय हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापाच्या जोडीला कुपोषण आणि सिकलसेलही असल्याने मुलाच्या रक्तक्षयाचे खरे कारण शोधावेच लागते.

तीव्र अवस्थेत रक्त चढवण्याला पर्याय नसतो. मात्र त्याचीही किंमत मोजावी लागली आहे : १९८० च्या दशकात किन्शासा येथे हिवतापामुळे रक्त दिलेल्या मुलांत एचआयव्हीचा संसर्ग वाढल्याचे आढळले होते. रक्त तपासून दिले, तरी मूल घरी गेल्यावर धोका संपत नाही. सावरू पाहणाऱ्या मज्जेवर नव्या संसर्गाचा घाला पडतो. केनिया व युगांडातील चाचणीत अशा मुलांना रुग्णालयातून सोडल्यानंतर तीन महिने हिवतापविरोधी औषधाचे ठराविक डोस देण्यात आले. त्या काळात मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मिळून सुमारे ७० टक्क्यांनी घटले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली आहे.