वाडी: वेढ्याचा शब्द

‘वाडी’ म्हणजे लहान गाव, असं आपण सर्रास धरून चालतो. माझ्या मते लहानपण त्या शब्दाला मागाहून चिकटलं. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे वेढलेली जागा, ‘वाटिका’ म्हणजे बाग. आणि कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला आजही वाडीच म्हणतात. भोवती चिऱ्याचा गडगा, आत झाडांच्या मुळाशी फिरणारं पाटाचं पाणी. अशा बागेशेजारी घरं उभी राहिली, तरी नाव तेच राहिलं.

कुणी विचारेल, राजमाची किल्ल्याच्या उधेवाडीत कुठली आली पोफळ? रास्त प्रश्न. पण शब्दाला बाग नव्हे, वेढा हवा. धनगर मेंढरं कोंडतात तो वाडाही याच कुळातला. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, माचीवर उधेवाडीची वस्ती आहे. आकाराचंच म्हणाल, तर सावंतवाडी संस्थानाची राजधानी झाली, तरी नावात वाडीच राहिली. लहानपण आलं ते कारभारातून: बहुतेक वाड्यांना स्वतःची ग्रामपंचायत नसते, दप्तरात त्या मूळ गावाच्या पोटात मोडतात.