पाणी, फेस आणि स्पर्श

सांस्कृतिक इतिहासाची साधने म्हणून आपण ग्रंथ, शिलालेख आणि ताम्रपट यांकडे वळतो. न्हाव्याच्या धोकटीकडे सहसा आपली दृष्टी जात नाही. वस्तुतः दाढीच्या साबणाचा फेस ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आपल्या समाजातील स्पर्शव्यवहाराच्या इतिहासाशी निगडित आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम फेसाचे कार्य पाहू. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर तो मऊ होतो व कमी बळाने कापला जातो. म्हणजे मूळ काम पाण्याचेच. परंतु पाणी गालावर ठरत नाही. ते ओघळते किंवा सुकते. साबण केसावरचा तेलकट थर काढतो आणि त्याचा दाट फेस पाण्याला तेथेच धरून ठेवतो. त्यामुळे वस्तराही सहज सरकतो. ब्रश फिरल्याने आडवे पडलेले केस उभे राहतात. आणि वस्तरा कोठवर फिरला, याची खूणही फेसामुळे मिळते.

आपल्याकडे फेस अपरिचित नव्हता. रिठ्याला संस्कृतात 'फेनिल' हे नावच आहे. मात्र रिठा असे तो केस आणि वस्त्रे धुण्यासाठी. क्षौरकर्मात सत्ता पाण्याची होती. याची साक्ष भाषाच देते. संत सेना न्हावी यांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात व्यवसायाच्या साधनांवर आध्यात्मिक रूपके रचली आहेत. तेथे आरसा आहे, चिमटा आहे, डोक्यावर घोळायचे पाणी आहे, साबण नाही. दुसरी साक्ष वाक्प्रचाराची. कोणाची खरडपट्टी काढली, तर आपण 'बिनपाण्याने हजामत केली' असे म्हणतो. 'बिनसाबणाने' असे कोणी म्हणत नाही. जे नसल्याने यातना होत, ते पाणी होते.

ते पाणी केसांत मुरवण्याचे काम न्हाव्याचा तळहात करी. पाणी आणि स्पर्श या दोन गोष्टींवर हे सारे कर्म उभे होते. आणि जातिव्यवस्थेने सर्वांत कठोर पहारा बसवला तोही याच दोन गोष्टींवर. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. तो अस्पृश्य मानलेल्यांची हजामत करीत नसे, कारण केली तर उरलेले गाव त्याला दारात उभे करणार नाही, ही भीती. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी आमच्या सोनिवलीलगतच्या बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तळ्यावरचा प्रश्न आणि न्हाव्याच्या वाटीतल्या पाण्याचा प्रश्न हे मुळात एकच होत.

मग फेसाने काय केले? इंग्रजी संपर्काबरोबर साबण आणि ब्रश आले, तसा तळहात मागे सरला. चरबीच्या साबणाविषयी धर्मनिष्ठ घरांत किंतु असे. १९१८ च्या सुमारास मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी वनस्पती तेलांपासून साबण काढला, तेव्हा तो अडसर ओसरू लागला. तिकडे अमेरिकेत जिलेट यांना १९०४ साली सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले. फेस आणि पाते हाताशी आल्यावर दाढी स्वतः करता येऊ लागली. इंग्लंडला जाणारा तरुण दाढी करण्याची विद्या तरी शिकून येतोच, असे निरीक्षण गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर त्यांनी आपले केसही स्वतः कापले. त्या न्हाव्यावर मात्र त्यांनी राग धरला नाही. आपल्याकडील न्हावी अस्पृश्यांना हेच करतात, याची त्यांना आठवण झाली.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागेल. नकार मिळाल्यावर स्वतः दाढी करणे हे स्वावलंबन झाले, न्याय नव्हे. फेसाने नाकारलेल्या माणसाला पर्याय दिला, खुर्चीवरचा हक्क दिला नाही. तो हक्क चळवळींतून आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमातून आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे त्याने दंडनीय ठरविले. आणि कारागीरही केवळ रूढीचा ताबेदार नव्हता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार तेथे झाला. कोणाला नाकारायचे याचा निर्णय येथे रूढीने नव्हे, विवेकाने केला. सेनांच्या अभंगातला आरसा विवेकाचाच आहे, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक काम करता येईल. धोकटी, नराणी, सहाण, वाटी हे शब्द आज ट्यूबमधल्या क्रीमने आणि एकदा वापरून टाकायच्या पात्यांनी मागे लोटले आहेत. सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील वयोवृद्ध कारागिरांकडे बसून विद्यार्थ्यांनी ते टिपून घ्यावेत. आणि शब्दाबरोबर, ते साधन कोणासाठी उचलले जाई व कोणासाठी नाही, हेही विचारावे. या माहितीवाचून सेनांच्या अभंगाचे वर्गातील विवरण अपुरे राहते, असे आमचे मत आहे.