पाण्याचे डोहाळे

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसरे लेणे गौतमी बलश्रीने पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी भिक्षुसंघाला दिले. तिथल्या लेखात तिच्या पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाबरोबर त्याच्या मातृसेवेचाही गौरव आहे. राजमातेचा मान असा दगडावर कोरला गेला. त्या काळच्या सामान्य घरातील गर्भवतीचे मन शोधायला मला ‘गाथासप्तशती’कडे वळावे लागते. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह परंपरेने सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे.

त्यातल्या एका गाथेत गरीब घरच्या गर्भवतीला डोहाळे विचारले जातात. नवऱ्याची ओढाताण होऊ नये म्हणून ती फक्त पाणी मागते.

वैद्यकाने या इच्छांना मोठे स्थान दिले होते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून सुश्रुतसंहिता गर्भवतीला ‘दौहृदिनी’, दोन हृदयांची, म्हणते. तिची इच्छा डावलली तर अपत्यात व्यंग येते, असे बजावते. आजचे वैद्यक हे मानत नाही. पण गर्भारपणात मनही जपायचे असते, ही जाण त्यात आहे. तरी काळजीचा भर अपत्यावर. गाथाकार मात्र त्या बाईकडे पाहतो.

डोहाळजेवणाच्या रूपाने विचारण्याची रीत आपल्याकडे टिकली. पण घरची ऐपत आणि माणसांचे चेहरे पाहूनच उत्तर देणारी बाईही टिकली. दवाखान्यात ‘काही त्रास?’ असे विचारल्यावर ती ‘काही नाही’ म्हणते, तेव्हा ती पाणीच मागत नसेल ना, एवढे तरी आपण पाहावे.