सामायिक नेटवर्कवरील नेटवर्क बूट आणि आयपी फोन

नेटवर्क बूट म्हणजे संगणकाने स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरील सर्व्हरकडून प्रारंभिक प्रणाली मिळवून सुरू होणे. आयपी फोन हा इंटरनेट प्रोटोकॉलवरून आवाज वाहून नेणारा दूरध्वनी असून, तोही सुरू होताना आपली मांडणी सर्व्हरकडून मागतो. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये व कार्यालयांत या दोन्ही सेवा अनेकदा एकाच केबल-जाळ्यावर चालतात. दोन्ही उपकरणे पहिली विचारणा डीएचसीपी सर्व्हरकडेच करत असल्याने एका सेवेसाठी केलेला बदल दुसरी सेवा बंद पाडू शकतो.

पार्श्वभूमी

१९८५ मधील बूटपी प्रोटोकॉलने डिस्क नसलेल्या संगणकाला पत्ता आणि बूट फाइलचे नाव देण्याची सोय केली. त्याचाच विस्तार म्हणजे डीएचसीपी. त्याची आजही आधारभूत मानली जाणारी मानके १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेलच्या पुढाकाराने तयार झालेल्या पीएक्सई या नेटवर्क बूट पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये आली. पीएक्सईमध्ये संगणक डीएचसीपीकडून पत्ता व बूट फाइलचे नाव घेतो आणि ती फाइल टीएफटीपीद्वारे उतरवतो. अनेक आयपी फोनही याच क्रमाने आपली मांडणी फाइल मिळवतात.

संघर्षाचे कारण

डीएचसीपीच्या उत्तरातील माहिती क्रमांकित पर्यायांत दिली जाते. पर्याय ६६ मध्ये टीएफटीपी सर्व्हरचे नाव, तर पर्याय ६७ मध्ये बूट फाइलचे नाव असते. अनेक उत्पादकांचे फोन पर्याय ६६ मधूनच मांडणी सर्व्हरचा पत्ता घेतात; काही फोनना तेथे पूर्ण वेब पत्ता दिलेला चालतो. तसा पत्ता जुन्या पीएक्सई संगणकाला उमगत नाही. हा पर्याय सर्वांसाठी सारखा ठेवल्यास संगणक फोनच्या सर्व्हरवर बूट फाइल शोधू लागतो, किंवा फोन बूट सर्व्हरवर आपली मांडणी शोधतो.

हा दोष लगेच दिसेलच असे नाही. चालू असलेले फोन आधी मिळालेल्या मांडणीवर काम करत राहतात. वीज खंडित होऊन सर्व फोन एकदम सुरू झाले की बिघाड उघड होतो. रुग्णालयासारख्या ठिकाणी नेमकी त्याच वेळी दूरध्वनीची गरज सर्वाधिक असते.

मांडणीचे मार्ग

सर्वांत स्पष्ट मार्ग म्हणजे आवाज व संगणक यांसाठी वेगळे व्हीलॅन ठेवणे. प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र पत्तासमूह आणि स्वतंत्र पर्याय देता येतात. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असल्यास रिले विनंती पुढे पाठवतो आणि रिलेच्या पत्त्यावरून सर्व्हर योग्य समूह निवडतो. फोनला आपला व्हीलॅन एलएलडीपी-मेड किंवा सिस्कोच्या सीडीपीद्वारे कळतो. ही माहिती न मिळाल्यास फोन संगणकांच्याच व्हीलॅनमध्ये पत्ता मागतो, म्हणून केवळ विभागणी पुरेशी ठरत नाही.

दुसरा मार्ग विचारणारा कोण हे ओळखण्याचा आहे. विनंतीतील पर्याय ६० उपकरणाचा वर्ग सांगतो. नेटवर्क बूट करणाऱ्या संगणकाच्या बाबतीत तो ‘पीएक्सईक्लायंट’ या शब्दाने सुरू होतो. पर्याय ९३ वरून संगणक जुन्या बायोसचा आहे की यूईएफआयचा हे कळते व त्यानुसार बूट फाइल देता येते. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून अशा अटी धोरणांच्या रूपाने लिहिता येतात.

सिस्कोचे फोन पर्याय १५० मधील टीएफटीपी पत्त्यांची यादी वापरू शकतात. त्यामुळे पर्याय ६६ बूटसाठी मोकळा राहतो. मूळ डीएचसीपी सर्व्हर बदलणे शक्य नसेल, तर प्रॉक्सी-डीएचसीपी हा सर्व्हर पत्ते न वाटता फक्त पीएक्सई विनंत्यांना बूटची माहिती पुरवतो.

स्विच आणि केबल

अनेक फोनमध्ये लहान स्विच असतो व संगणक फोनमार्फत जोडला जातो. फोन पुन्हा सुरू झाला की संगणकाची जोडणी तुटते आणि चालू असलेले बूट अडते. पारंपरिक स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमुळे पोर्ट खुला होण्यास सुमारे ३० सेकंद लागतात. काही संगणक तेवढा वेळ थांबत नाहीत. म्हणून अंत्य उपकरणांचे पोर्ट तात्काळ खुले होतील अशी मांडणी करतात. एकाच वेळी अनेक संगणक मोठ्या फाइली उतरवू लागल्यास संभाषण तुटक होते. ते टाळण्यासाठी आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य दिले जाते.

सुरक्षितता आणि चाचणी

टीएफटीपीमध्ये ओळख पडताळणी व कूटलेखन नसते. फोनच्या मांडणी फाइलीत परवलीचे शब्द असू शकत असल्याने, फोनमध्ये सोय असल्यास एचटीटीपीएस वापरणे अधिक सुरक्षित ठरते. डीएचसीपी स्नूपिंग अनधिकृत सर्व्हरची उत्तरे अडवते; मात्र प्रॉक्सी-डीएचसीपीचा पोर्ट विश्वासू म्हणून नोंदवला नसेल, तर त्याचीही उत्तरे अडतात. पर्यायांत बदल केल्यावर प्रत्येक प्रकारचा किमान एक फोन व एक संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यास लपलेला दोष प्रत्यक्ष गरजेपूर्वीच लक्षात येतो.