हागेन-स्मिट, आरी यान

हागेन-स्मिट, आरी यान : (२२ डिसेंबर १९००–१७ मार्च १९७७). डच-अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतील लॉस अँजेल्स शहरावर पसरणाऱ्या धुरक्याचे रासायनिक स्वरूप त्यांनी उलगडले. मोटारगाड्या व खनिज तेल उद्योग यांतून हवेत मिसळणाऱ्या द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर क्षोभक पदार्थ तयार होतात, असे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. हवेचे प्रदूषण म्हणजे धुराड्यांतून निघणारा धूर व गंधकयुक्त वायू ही तोपर्यंत रूढ असलेली कल्पना या संशोधनामुळे बदलली.

हागेन-स्मिट यांचा जन्म नेदर्लंड्समधील उत्रेक्त येथे झाला. त्यांचे वडील तेथील टांकसाळीत रसायनज्ञ होते. उत्रेक्त विद्यापीठातून १९२९ मध्ये पीएच.डी. पदवी मिळविल्यावर त्यांनी तेथेच कार्बनी रसायनशास्त्राचे अध्यापन केले. १९३६ मध्ये ते हार्व्हर्ड विद्यापीठात आले आणि पुढील वर्षी आनुवंशिकीविज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांच्या निमंत्रणावरून पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रुजू झाले. निवृत्तीपर्यंत (१९७१) त्यांचे सर्व कार्य याच संस्थेत झाले.

त्यांचे आरंभीचे संशोधन वनस्पतींच्या वाढीस कारणीभूत होणाऱ्या पदार्थांसंबंधी होते. उत्रेक्त येथे फ्रिट्स कग्ल व हानी एर्क्सलेबेन यांच्यासमवेत त्यांनी मानवी मूत्रातून वृद्धिकारक द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी १९३४ मध्ये मिळालेले इंडॉल ॲसिटिक अम्ल हे वनस्पतींतील प्रमुख नैसर्गिक ऑक्सिन असल्याचे पुढे निश्चित झाले. याच गटाने वर्णन केलेल्या ‘ऑक्सिन-अ’ व ‘ऑक्सिन-ब’ या संयुगांना मात्र नंतरच्या परीक्षणात आधार मिळाला नाही. पॅसाडीना येथे आल्यावर जेम्स इंग्लिश व जेम्स बॉनर यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतीच्या जखमेजवळील कोशिकांचे विभाजन घडविणारे ट्रॉमॅटिक अम्ल शोधून काढले (१९३९). पाइन वृक्षांच्या जातींतील टर्पेंटाइन आणि अननसाचा स्वाद यांवरही त्यांनी काम केले. फळाचा वास अत्यल्प प्रमाणातील अनेक बाष्पनशील संयुगांच्या मिश्रणामुळे येतो. ती पकडण्यासाठी फळावरून गेलेली हवा अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून नेऊन बाष्पे गोठवावी लागतात व मग त्यांचे विश्लेषण करावे लागते. वासाच्या मागावर जाण्याची ही रीत त्यांना पुढे वेगळ्याच कामी उपयोगी पडली.

लॉस अँजेल्सच्या रहिवाशांना धुरक्याचा पहिला तीव्र अनुभव २६ जुलै १९४३ रोजी आला. युद्धाचे दिवस असल्याने हा शत्रूचा वायुहल्ला असावा, अशीही शंका त्या वेळी घेतली गेली. पुढे शहरातील कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर दोष ठेवण्यात आला. परंतु तेथील उत्सर्जन थांबल्यावरही धुरके येतच राहिले. शहराच्या एका बाजूस समुद्र व इतर बाजूंस डोंगर आहेत. वर उबदार व खाली थंड हवा अशी उलटी रचना तेथे वर्षातील बरेच दिवस टिकते; त्यामुळे खालची हवा झाकण घातलेल्या भांड्याप्रमाणे कोंडली जाते. १९४७ मध्ये लॉस अँजेल्स परगण्यासाठी प्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन झाला. पूर्वेकडील औद्योगिक शहरांच्या अनुभवावरून त्याने प्रथम धूर व सल्फर डाय-ऑक्साइड यांवर नियंत्रणे घातली. ती निरुपयोगी नव्हती, पण डोळ्यांची जळजळ कमी झाली नाही.

या धुरक्याची लक्षणेच निराळी होती. लंडनचे धुरके दगडी कोळशाच्या धुरातून, थंडीत व दमट हवेत उत्पन्न होई. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळातील अशा धुरक्याने तेथे सुमारे ४,००० मृत्यू झाल्याचा आरंभीचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बराच वाढला. लॉस अँजेल्सचे धुरके मात्र भर उन्हात, दुपारच्या सुमारास दाट होई. त्याचा रंग तपकिरी होता आणि वास क्लोरीनासारखा येई. पालक व इतर पालेभाज्यांच्या पानांची खालची बाजू त्यामुळे चंदेरी किंवा काशाच्या रंगाची होऊन पिके वाया जात. गंधकयुक्त वायूंनी होणारी हानी याहून वेगळी दिसते. शेतकऱ्यांच्या या तक्रारीमुळेच वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे लक्ष हवेकडे वळले.

१९४८ च्या सुमारास हागेन-स्मिट यांनी अननसासाठी वापरलेल्या उपकरणातून शहरातील धुरकट हवा ओढून घेतली. थंड नळीत पाण्याबरोबर उग्र वासाचे तपकिरी द्रव्याचे काही थेंब जमले. त्यांत कार्बनी पेरॉक्साइडे व इतर ऑक्सिडीकृत संयुगे होती. लंडनच्या हवेतील सल्फर डाय-ऑक्साइड हे क्षपणक द्रव्य होय. येथील हवा उलट ऑक्सिडीकारक होती. अशी संयुगे इतक्या प्रमाणात कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नसल्याने ती हवेतच तयार होत असली पाहिजेत, हे उघड होते. उपकरणांचे निर्माते व नियंत्रण जिल्ह्याचे वैज्ञानिक सल्लागार आर्नल्ड बेकमन यांच्या आग्रहावरून हागेन-स्मिट यांनी आपले नेहमीचे काम बाजूस ठेवले व या प्रश्नाकडे लक्ष दिले.

त्यांनी पेट्रोलाची बाष्पे व नायट्रोजन डाय-ऑक्साइड हवेत मिसळून ते मिश्रण प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यात ओझोन निर्माण झाला. त्या मिश्रणाने डोळे चुरचुरू लागले. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स व्हेंट यांच्या प्रयोगशाळेत पालक, बीट, एंडिव्ह, ओट व लसूणघास या वनस्पतींवर ते सोडले असता शेतात दिसत तसेच डाग पानांवर उमटले. ओझोन ओळखण्याची त्यांची एक युक्ती विशेष सोपी होती. रबराची पट्टी वाकवून ताणलेल्या स्थितीत हवेत ठेवली, म्हणजे तिला भेगा पडण्यास लागणाऱ्या वेळावरून ओझोनाचे प्रमाण कळते. धुरक्याच्या दिवशी काही मिनिटांतच भेगा दिसू लागत. या शहरात मोटारींचे टायर अन्य ठिकाणांपेक्षा लवकर का तडकतात, याचाही उलगडा त्यातून झाला. हे निष्कर्ष त्यांनी १९५२ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केले.

विक्रियेचे सूत्र असे : एंजिनातील उच्च तापमानास हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने नायट्रिक ऑक्साइड बनते व हवेत त्याचे नायट्रोजन डाय-ऑक्साइड होते. सूर्यप्रकाशाने त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि तो ऑक्सिजनाच्या रेणूशी संयोग पावून ओझोन देतो. एवढेच घडले, तर हा ओझोन नायट्रिक ऑक्साइडाशी विक्रिया करून पुन्हा नाहीसा होईल. हवेत हायड्रोकार्बने असली, की त्यांपासून बनणारी क्रियाशील मूलके ओझोन न खर्चता नायट्रिक ऑक्साइडाचे पुन्हा डाय-ऑक्साइड बनवितात आणि ओझोन साठत जातो. दोन्ही घटकांची गरज हागेन-स्मिट यांनी दाखवून दिली. मूलकांच्या साखळीचा, विशेषतः हायड्रॉक्सिल मूलकाच्या कार्याचा, उलगडा १९७० च्या सुमारास इतर संशोधकांनी केला. पानांवरील चंदेरी डागांस मुख्यतः कारणीभूत असलेले पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट हे संयुगही १९५० नंतरच्या दशकात अन्यत्र ओळखले गेले. एम. एम. फॉक्स यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत हागेन-स्मिट यांना आणखी एक गोष्ट आढळली. ओझोनाचे प्रमाण दोन्ही घटकांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे फार झाली, तर ते कमीही होते. या शोधाचे व्यावहारिक महत्त्व तेव्हा फारसे ध्यानात आले नाही. पुढे नियंत्रणाच्या धोरणात मात्र तोच अडचणीचा मुद्दा ठरला.

या निष्कर्षांना तीव्र विरोध झाला. खनिज तेल कंपन्यांच्या संघटनेच्या अर्थसाहाय्याने संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने ते मान्य केले नाहीत. मोटार कारखानदारही अनेक वर्षे साशंक राहिले. या विरोधामागे आर्थिक हितसंबंध होते, हे खरे. परंतु शोधाचे स्वरूपच लोकांना अप्रिय वाटावे असे होते. कारखान्याचे धुराडे बंद करा, असे म्हणणे सोपे होते. शहरातील जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची मोटारगाडी दोषी आहे, हे पटविणे अवघड होते. तेलशुद्धीकरण केंद्रांतील बाष्पांची गळती रोखणे व परसातील कचरा-भट्ट्यांवर बंदी (१९५७) हे उपाय त्या मानाने लवकर झाले. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र पडताळणीनंतर मोटारगाड्यांचे उत्तरदायित्व सर्वसाधारणपणे मान्य झाले.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मोटारगाड्यांच्या प्रदूषणाचे नियंत्रण मंडळ स्थापन केले व हागेन-स्मिट त्याचे सदस्य झाले. पिस्टनाच्या कडेने निसटून एंजिनाच्या खालच्या पेटीत साठणारे वायू पुन्हा ज्वलनासाठी वळविणारे साधन प्रथम सक्तीचे झाले. १९६६ च्या गाड्यांपासून धुरातील हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा आली. त्यासाठी एंजिनातील ज्वलन अधिक पूर्ण व अधिक उष्ण करण्यात आले. परिणामी नायट्रोजनाची ऑक्साइडे वाढली. एका घटकावरील उपायाने दुसरा वाढावा, ही आपत्ती त्यांच्याच प्रयोगांच्या आधारे कल्पिता येण्याजोगी होती. १९६८ मध्ये ते राज्याच्या नव्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवरील मर्यादा १९७१ मध्ये त्यांच्या कारकीर्दीत लागू झाली. जुन्या गाड्यांना नवी साधने बसविण्याच्या प्रश्नावरून मंडळास वाहनधारकांची नाराजी सोसावी लागली. १९७३ पर्यंत ते अध्यक्षपदी होते. उत्प्रेरक परिवर्तक १९७५ च्या गाड्यांपासून सर्रास आले. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले. भारतात ही दोन्ही १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत प्रथम आली आणि जमिनीलगतच्या ओझोनासाठी राष्ट्रीय मानक २००९ मध्ये ठरविण्यात आले.

लॉस अँजेल्समधील ओझोनाची कमाल पातळी १९५० नंतरच्या दशकाच्या मानाने पुष्कळ खाली आली आहे. त्या काळानंतर तेथील लोकवस्ती व वाहने कितीतरी वाढली असल्याने ही घट लक्षणीय म्हणावी लागेल. तथापि तेथील खोऱ्यात ओझोनाचे मानक पूर्णपणे साधलेले नाही. रंग, द्रावके व प्रसाधने यांतील बाष्पांचा वाटा आता तुलनेने वाढलेला दिसतो.

हागेन-स्मिट यांना अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसचे सदस्यत्व (१९७१), राष्ट्रीय विज्ञान पदक (१९७३) व पहिल्या वर्षीच्या टायलर पारितोषिकाचा वाटा (१९७४) हे सन्मान लाभले. एल मॉन्टे येथील राज्याच्या वाहन-प्रदूषण प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. फुप्फुसाच्या कर्करोगाने ते पॅसाडीना येथे मृत्यू पावले.